दोरावरची शाळा : ‘गिरिप्रेमी’ ते ‘जीजीआयएम’

गिर्यारोहण संस्थेचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप शिखरांच्या यादीकडे वळते. कोणत्या साली कोणते शिखर सर झाले, किती जण माथ्यावर पोहोचले, याची नोंद हवीच. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची अशी यादी मोठी आहे आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. तरीही या संस्थेचे खरे वेगळेपण त्या यादीत पुरते सापडत नाही. १९८२ साली सुरू झालेली ‘गिरिप्रेमी’ आधी डोंगरवेड्यांचा एक गट होती. मग ती मोठ्या मोहिमा आखणारी संस्था झाली. पुढे तिने डोंगरातले नेतृत्व रीतसर शिकवणारी शाळा उभी केली आणि त्या शिक्षणाला विद्यापीठाच्या पदविकेपर्यंत नेले. ‘गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग’, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘जीजीआयएम’, ही ती शाळा.

या लेखात शिकण्या-शिकवण्याचा धागा मुद्दाम धरला आहे. शिखरावर पाऊल ठेवणाऱ्याचा आनंद त्याचा आणि त्याच्या चमूचा असतो. त्याने शिकवलेली गाठ, लावलेली शिस्त आणि वेळेवर परत फिरण्याची दिलेली सवय मात्र त्याला न पाहिलेल्या मुलांच्याही उपयोगी पडते. संस्थेच्या वाटचालीचे मोजमाप त्यावरून व्हायला हवे.

‘गिरिप्रेमी’च्या आधी

महाराष्ट्राला डोंगर नवे नव्हते. गडकोटांची ओढ इथल्या घराघरांत होती. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाला साहित्यात मानाचे पान दिले आणि दोन-तीन पिढ्यांना पाठीवर पिशवी टाकून बाहेर काढले. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ स्थापन झाली आणि शास्त्रशुद्ध गिर्यारोहणाची संघटित परंपरा इथे रुजू लागली.

प्रशिक्षणाचा मार्ग मात्र उत्तरेकडे जात होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्या यशाचा उत्साह ओसरण्याआधीच, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. मेजर नरेंद्र धर जयाल तिचे पहिले प्राचार्य, तर प्रत्यक्ष डोंगरावरच्या प्रशिक्षणाची धुरा खुद्द तेनसिंग यांच्याकडे. १९५८ साली मुंबईच्या केकी बन्शा यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेने चो ओयू हे आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर सर केले. त्याच मोहिमेत जयाल यांचे निधन झाले. भारतीय गिर्यारोहणाच्या शिक्षणाने आपला पहिला आचार्य असा डोंगरातच गमावला. पुढे १९६१ मध्ये मनालीला आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीला अशाच संस्था निघाल्या. १९८४ साली एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल या उत्तरकाशीच्याच नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकलेल्या.

मराठी मुलामुलींच्या बोलण्यात ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ हे शब्द आले ते या संस्थांमुळे. बेसिक म्हणजे प्राथमिक अभ्यासक्रम, साधारण २८ दिवसांचा. त्यात प्रस्तरारोहण, हिमभिंतीवरची चाल, बर्फकुऱ्हाडीचा वापर, घसरल्यावर स्वतःला रोखणे आणि उंचीवरच्या आजारांची ओळख असते. ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या अ‍ॅडव्हान्सचे दार उघडते. त्यानंतर शोध व बचाव कार्याचा आणि शेवटी प्रशिक्षक घडवणारा, शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यासक्रम. ही उतरंड आजही देशभर प्रमाण मानली जाते. ‘ए’ श्रेणीचे प्रमाणपत्र घेऊन परतलेला तरुण पुण्या-मुंबईच्या संस्थांमध्ये आपोआप शिक्षक होत असे.

अडचण एवढीच होती की हिमालयातल्या महिनाभराच्या शिक्षणाला घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास, सुट्टी आणि पैसा लागे. कॉलेजात शिकणाऱ्या, नव्याने नोकरीला लागलेल्या कितीतरी जणांना ते जमत नसे. शिवाय हिमालयात बर्फ शिकता येते, सह्याद्री शिकता येत नाही.

सह्याद्रीची पाठशाळा

‘गिरिप्रेमी’ उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. उष:प्रभा पागे यांच्यासारख्या संस्थापकांनी तिच्या घडणीत निसर्गाभ्यास आणि गिर्यारोहण यांची सांगड पहिल्यापासून घातली. पुण्यात त्या काळी आनंद पाळंदे यांच्यासारखे अभ्यासू भटके सह्याद्रीची वाट न वाट तपासत होते. त्यांचे ‘डोंगरयात्रा’ हे पुस्तक पुढे ट्रेक करणाऱ्यांच्या पाठपिशवीत कायमचे जाऊन बसले. या वातावरणात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट लवकर कळली : सह्याद्री उंचीने लहान असला तरी शिकवणीला कडक आहे.

त्याचे कारण त्याच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. पश्चिमेकडे हेच थर तुटून कोकणात उभे कोसळतात. बेसाल्टचा हा कातळ वरून भक्कम दिसतो. हात घातला की त्याचा तुकडा हातात येतो. दोन थरांच्या मधल्या मऊ पट्ट्यातून घसारा वाहतो. पावसाळ्यात गवताखाली वाट हरवते, उन्हाळ्यात टाक्यातले पाणी आटते आणि कपारीतले आग्यामोहोळ जराशा धुराने किंवा अत्तराच्या वासानेही उठते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, साल्हेरची १५६७. हिमालयाच्या मोजमापात हे आकडे पायथ्याचेसुद्धा नाहीत. पण तैलबैलाची भिंत, नागफणीचा सुळका, लिंगाण्याची अरुंद धार किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा इथे चूक झाली तर ती सुधारायला हिमालयाइतकाच कमी वेळ मिळतो.

म्हणून इथले शिक्षण हातांपासून सुरू होते. आठाची गाठ, बोलाइन, क्लोव्ह हिच या गाठी डोळे मिटून मारता याव्यात. बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने, नजर हलवू नये. रॅपलिंगला दोर सोडण्यापूर्वी त्याच्या टोकाला गाठ आहे का, हे दोघांनी तपासावे. मेख ठोकताना हातोडीचा आवाज ऐकून ती किती पक्की बसली ते ओळखावे. सिंहगडाच्या आठवड्याच्या चढाया, लोणावळ्याच्या कड्यांवरचे सराव, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतली शिबिरे यांतून एका तुकडीकडून दुसरीकडे हे ज्ञान जात राहिले. कोणी मानधन घेत नव्हते. शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचे, हा संस्थेतला अलिखित नियम होता.

या काळाची देणगी मोठी आहे. त्याचबरोबर त्याची मर्यादाही मान्य करायला हवी. अनुभवी माणूस उपलब्ध असेल तोवर शिक्षण उत्तम चाले. त्याची बदली झाली, संसाराच्या जबाबदाऱ्या वाढल्या की तुकडी पोरकी होई. कोणाला काय येते याची लेखी नोंद नसे. एक प्रशिक्षक एक पद्धत सांगे, दुसरा दुसरी. हौसेवर उभ्या असलेल्या बहुतेक सगळ्याच संस्थांना हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर शोधायला ‘गिरिप्रेमी’ला तीस वर्षे आणि एक एव्हरेस्ट लागले.

मोकळ्या आभाळाखालचे शिक्षण

डोंगराचा उपयोग माणूस घडवण्यासाठी करता येतो, हा विचार जगात आधीच मूळ धरून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशीच लवकर हिंमत हरतात, असे अनुभवाला आले होते. ताकद होती, पण संकटात तग धरण्याची सवय नव्हती. समुद्र आणि डोंगर यांच्या संगतीत ती सवय लावता येते, असा हान यांचा विश्वास होता. यातून पुढे ‘आउटडोअर एज्युकेशन’ ही शिक्षणाची स्वतंत्र शाखा वाढली आणि अनेक देशांतल्या महाविद्यालयांत मनोरंजन-नेतृत्व, निसर्गशिक्षण आणि पर्यटन हे विषय एकत्र शिकवले जाऊ लागले.

महाराष्ट्रात या विचाराची पायवाट पाडली ती वसंत वसंत लिमये यांनी. आयआयटी मुंबईचे हे अभियंता १९८८ च्या कांचनजंगा मोहिमेचे नेते होते. ब्रिटनमध्ये अशा शिक्षणाचा अनुभव घेऊन आल्यावर त्यांनी ‘हाय प्लेसेस’ ही संस्था काढली आणि ताम्हिणीच्या परिसरात गरुडमाची हे प्रशिक्षणस्थळ उभे केले. कंपन्यांचे अधिकारी आणि शाळेतली मुले तिथे दोरावर, तराफ्यावर आणि रात्रीच्या जंगलात एकमेकांवर विसंबायला शिकली. डोंगरावरच्या ज्ञानातून उपजीविका होऊ शकते आणि ते ज्ञान डोंगराबाहेरच्या जगातही वापरता येते, हे पुण्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे घडलेल्या गोष्टींची जमीन यामुळे तयार झाली.

एव्हरेस्ट आणि त्याने लावलेली शिस्त

मे १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. हे यश मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय नागरिक. २००९ मध्ये पुण्याचीच कृष्णा पाटील अवघ्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर उभी राहिली. व्यक्तींच्या या पराक्रमानंतर ‘गिरिप्रेमी’ने आखली ती संपूर्ण संस्थेची मोहीम. नेते होते उमेश झिरपे. एकाच नागरी संस्थेतल्या नोकरदार, व्यावसायिक मुलांचा चमू, सरकारी वा लष्करी पाठबळाशिवाय, लोकांच्या देणग्यांवर आणि उद्योगांच्या मदतीवर उभा करायचा होता.

अशा मोहिमेत प्रत्यक्ष चढाई सर्वांत शेवटी येते. आधी दोन-तीन वर्षे सराव असतो. निवड करावी लागते आणि निवड म्हणजे कोणाला तरी नाही म्हणणे. वैद्यकीय तपासण्या, आहाराचे नियोजन, प्राणवायूची नळकांडी, शेर्पा साथीदारांशी करार, नेपाळ सरकारचे परवाने, विमा, घरच्यांशी बोलणे, हिशेब हे सगळे ओळीने येते. उंचीवर शरीराला सरावण्यासाठी चढून जायचे, खाली येऊन झोपायचे आणि पुन्हा चढायचे, हे आठवडेच्या आठवडे चालते, कारण ८८४८ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो.

१९ मे २०१२ रोजी ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. भारतातील नागरी मोहिमांमध्ये हे तोवरचे सर्वांत मोठे यश होते. त्याच शनिवार-रविवारी शिखराजवळच्या गर्दीत आणि वाऱ्यात इतर चमूंतल्या काही जणांनी प्राण गमावले. ‘गिरिप्रेमी’चेही एक तगडे सहकारी या मोहिमेत आजारी पडले आणि पुण्याला आणल्यावर त्यांचे निधन झाले. यशाच्या मिरवणुकीच्या वर्षातच संस्थेने हे दुःख पचवले. एव्हरेस्टचा विषय निघाला की संस्थेतली ज्येष्ठ मंडळी आधी त्यांचे नाव घेतात, मग आकडे सांगतात. नव्या मुलांना मिळणारा हा पहिला धडा आहे.

पुढची वर्षे वेगाने गेली. २०१३ मध्ये ल्होत्से आणि पुन्हा एव्हरेस्ट, २०१४ मध्ये मकालू, २०१६ मध्ये चो ओयू आणि धौलागिरी, २०१७ मध्ये मनास्लू. १५ मे २०१९ रोजी संस्थेच्या दहा जणांनी ८५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा सर केले. जगातले तिसरे उंच असलेले हे शिखर मार्गाची लांबी आणि हवामानाची लहर यांसाठी ओळखले जाते. १९८८ च्या मोहिमेची आठवण ठेवणाऱ्या मराठी गिर्यारोहकांसाठी या यशाला वेगळेच मोल होते. १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा-१ वर पाऊल पडले. १९५० मध्ये फ्रेंचांनी प्रथम सर केलेले हे शिखर म्हणजे माणसाने गाठलेले पहिले आठ हजारी, आणि हिमप्रपातांमुळे त्याच्यावरचे मृत्यूचे प्रमाण अतिशय मोठे.

इतक्या मोहिमा एका संस्थेने लागोपाठ केल्या, तेव्हा तिच्याकडे अशी पुंजी जमली जी एकट्या गिर्यारोहकाकडे जमू शकत नाही. निवडीचे निकष, सरावाची वेळापत्रके, चुकलेल्या अंदाजांच्या नोंदी, शिखर अगदी जवळ असताना कोणाला आणि का परत बोलावले याची कारणे हे सारे आता लिहून ठेवलेले होते. लिहिलेले म्हणजे शिकवता येण्यासारखे.

‘जीजीआयएम’ची स्थापना

एव्हरेस्टनंतर संस्थेपुढे एक सोपी वाट होती : आणखी शिखरे, आणखी सत्कार. संस्थेने त्याबरोबर दुसरी, अधिक कष्टाची वाटही धरली. पुण्याच्या गार्डियन उद्योगसमूहाची साथ घेऊन गिर्यारोहणाचे कायमस्वरूपी शिक्षण देणारी संस्था तिने सुरू केली. आठ हजार मीटरवर जाऊन आलेली मुले प्रशिक्षक म्हणून वर्गात उभी राहिली. भूषण हर्षे यांच्यासारख्या शिखरवीरांनी फळ्यावर दाबपट्ट्यांची चित्रे काढून हवामान समजावून सांगावे आणि त्याच दुपारी भिंतीवर मुलांचा दोर धरावा, असे दृश्य पुण्याला नवे होते.

हौशी शिबिरात आणि संस्थेच्या अभ्यासक्रमात काय फरक पडला? शिबिरात मुलाला कडा उतरवून आणले की काम झाले. अभ्यासक्रमात त्याने स्वतः दुसऱ्याला उतरवायचे असते आणि ते करताना त्याच्या मनात काय चालले होते ते सांगायचेही असते. अमुक झाडाला दोर का बांधला, अमुक खडकाला का नाही? गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस कुठे ठेवायचा? दोन वाजता ढग दाटले तर तीनपर्यंत वाट पाहायची की आत्ताच उतरायचे? याची उत्तरे पाठ करता येत नाहीत. वारंवार निर्णय घेऊन आणि त्यांचा नंतर शांतपणे आढावा घेऊन ती अंगी मुरतात. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसे हे आहे.

नेतृत्वाच्या शिक्षणात म्हणून तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली तांत्रिक : दोर, साधने, नकाशा, होकायंत्र, जीपीएस, प्रथमोपचार, स्ट्रेचर बांधणे. दुसरी माणसांची : घाबरलेल्याशी कसे बोलावे, बढाई मारणाऱ्याला कसे आवरावे, दमलेल्याचा मान राखून त्याचे ओझे कसे वाटून घ्यावे. तिसरी जागेची : हा गड कोणाचा, हे पाणी कोणत्या वाडीचे, या देवराईत काय तोडायचे नाही, गावातल्या मावशींच्या घरी जेवलो तर त्यांना योग्य मोबदला कसा मिळेल. पहिलीत निपुण असलेले बरेच भेटतात. तिन्ही ज्याला जमतात त्यालाच खऱ्या अर्थाने नेता म्हणावे, या विश्वासावर ही शाळा चालते.

विद्यापीठाच्या दारात

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाबरोबर ‘जीजीआयएम’ने गिर्यारोहणाचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम सुरू केले, ही संस्थेच्या इतिहासातली सर्वांत दूरगामी घटना मानली पाहिजे. तिचे मोल कळायला थोडे मागे पाहावे लागते. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयीन परंपरा चांगली जुनी आहे. मद्रासला १९२० साली हॅरी बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये रोवलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाचे शिक्षक घडवले आणि १९३६ साली बर्लिनला जाऊन मल्लखांब आणि कबड्डी जगाला दाखवली. मुंबई इलाख्याने १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था उघडली. तिचे पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला निघालेल्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले.

या साऱ्या परंपरेत मैदान होते, आखाडा होता, तालीम होती. डोंगर मात्र अभ्यासक्रमाच्या बाहेर, सुट्टीच्या खात्यावर राहिला. पर्यटनाचे शिक्षण वेगळ्या विभागात, हॉटेल आणि तिकिटांच्या अंगाने वाढले. डोंगरात माणसे नेणारा मुलगा या दोहोंच्या मधल्या फटीत उभा होता. त्याच्याकडे विलक्षण कौशल्य असे, पण नोकरीच्या अर्जात ‘छंद’ या रकान्यापलीकडे ते लिहिता येत नसे. पदविकेने त्याच्या विद्येला रकाना मिळवून दिला. शरीरशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र, साहसी खेळ आणि प्रत्यक्ष डोंगर यांचा एकत्र अभ्यास, परीक्षा, श्रेणी आणि विद्यापीठाचा शिक्का या गोष्टी पालकांच्या दृष्टीने फार मोठ्या असतात. मुलगी डोंगरात जाते म्हणून चिंतेत असलेल्या घराला ती शिकायला जाते, हे सांगता येते.

स्पर्धात्मक प्रस्तरारोहण टोकियो ऑलिंपिकमध्ये दाखल झाल्यापासून कृत्रिम भिंतीवर चढणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढली आहे. त्यांना शिकवणारे प्रशिक्षकही अशाच अभ्यासक्रमांतून यायला हवेत.

नियम, पर्यटन आणि रोजगार

गेल्या पंधरा-वीस वर्षांत शनिवार-रविवारचा ट्रेक हा मोठा व्यवसाय झाला. मोबाइलवर पैसे भरायचे, पहाटे बसमध्ये बसायचे, अनोळखी पन्नास जणांबरोबर गडावर जायचे. कळसूबाईच्या शिड्यांवर आणि हरिहरच्या कातळपायऱ्यांवर पावसाळ्यात रांगा लागल्या. ही गर्दी वाईट म्हणता येणार नाही. शहरातली माणसे डोंगराकडे वळणे हे संस्थांचे जुने स्वप्न होते. परंतु अनुभव नसलेल्या नेत्यांच्या हाती ती सोपवली गेली आणि अपघात वाढले. न्यायालयात याचिका झाल्या. राज्य सरकारने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही क्षेत्रांतल्या आयोजकांना नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि साधनांची मानके यांच्या चौकटीत आणण्याचा तो प्रयत्न होता.

अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या माध्यमातून ‘गिरिप्रेमी’सह अनेक संस्था या चर्चेत उतरल्या. सेवाभावी संस्था आणि नफ्यासाठी चालणारे आयोजक यांना एकच माप लावावे का, हा वाद बराच रंगला. मुलुंडला २००२ पासून भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनासारख्या व्यासपीठांमुळे राज्यातल्या गिर्यारोहकांना एकत्र बसून विचार करण्याची सवय आधीच लागली होती, ती इथे कामी आली. नियमाने प्रशिक्षित नेता मागितला आणि त्याच सुमारास तो घडवणारी संस्था तयार होती, हा योग महाराष्ट्राच्या भाग्याचा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगड यांच्यासह अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांवर आता देशोदेशीचे लोक येणार. त्यांना पाली दरवाजा किंवा संजीवनी माची दाखवणारा माणूस इतिहास जाणणारा हवा आणि कोणी पाय मुरगळून बसला तर त्याला सुखरूप खाली आणणाराही हवा. राजगड (पूर्वीचा वेल्हे), अकोले, बागलाण या तालुक्यांतल्या मुलांना हे शिक्षण मिळाले तर गडाच्या पायथ्याशी सन्मानाचा रोजगार उभा राहील.

संकटात धावणारे हात

या शिक्षणाची एक बाजू पर्यटनाच्या हिशेबात येत नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. बसमधला एकच जण वाचला. धुक्यात आणि पावसात, निसरड्या उतारावर दोर लावून दरीत उतरले आणि मृतदेह वर आणले ते प्रामुख्याने परिसरातल्या ट्रेकर मुलांनी. महाराष्ट्रभर अशी पथके आहेत : लोणावळ्याची, महाबळेश्वरची, महाडची, नाशिकची. त्यांना जोडणारे बचाव समन्वय केंद्र गिर्यारोहकांनीच उभे केले. रात्री-अपरात्री फोन येतो, कोणी तरी कड्यात अडकलेले असते, आणि दिवसभर दुकान किंवा कारखाना सांभाळलेला माणूस दोर घेऊन निघतो. या कामाला मोल नसते आणि ते मागितलेही जात नाही. शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेल्या मुलांची संख्या वाढते, तेव्हा मदतीला जाणाराच संकटात सापडण्याचा धोका कमी होतो. ‘गिरिप्रेमी’ने प्रशिक्षणाला दिलेले महत्त्व किती रास्त होते, हे अशा वेळी पटते.

भुवनगिरीची साक्ष

मराठी माणसाचा डोंगर महाराष्ट्राच्या हद्दीत संपत नाही. हैदराबादच्या बरकतपुरा, काचीगुडा भागांतल्या मराठी घरांपासून पन्नासएक किलोमीटरवर भुवनगिरीचा प्रचंड एकसंध खडक उभा आहे. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या नावाशी जोडलेला किल्ला त्याच्या माथ्यावर आहे. सह्याद्रीच्या ठिसूळ बेसाल्टहून हा दगड अगदी निराळा. गुळगुळीत, घट्ट, बोटांपेक्षा पायांच्या घर्षणावर भरवसा ठेवायला लावणारा. या खडकावरच्या प्रस्तरारोहण शाळेत तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांची मुले शेखर बाबू यांच्याकडे शिकली. त्यांत निझामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा होती. हा जिल्हा आपल्या नांदेडला लागून आहे. भुवनगिरीनंतर दार्जिलिंग आणि लडाखमध्ये सराव करून २५ मे २०१४ रोजी, वयाच्या तेरा वर्षे अकरा महिन्यांत, शेतमजुरांची ही आदिवासी मुलगी एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्याबरोबर खम्ममचा आनंद कुमार होता.

संस्थेच्या इतिहासात ही नोंद मुद्दाम केली आहे. पूर्णाच्या घरी गिर्यारोहणाची परंपरा नव्हती, पैसा नव्हता. सरकारी निवासी शाळा, घराजवळचा खडक आणि जबाबदार शिक्षक एवढे तिला मिळाले. पुण्याचे यश मध्यमवर्गीय तरुणांच्या जिद्दीवर उभे राहिले. भुवनगिरीने दाखवले की हेच शिक्षण आश्रमशाळेतल्या मुलीपर्यंत नेले तर ती कुठपर्यंत जाते. अकोले, जव्हार, मेळघाट, किनवट इथल्या शेकडो आश्रमशाळा डोंगरांच्या कुशीत आहेत. तिथल्या मुलांचे पाय वाटेला सरावलेले आहेत, जंगल त्यांना घरच्यासारखे आहे. त्यांच्या ज्ञानाला प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची जोड देणे, हे आपल्या पुढच्या काळाचे काम आहे.

पुढचे काम

चार दशकांच्या या वाटचालीतून संस्थेपुढच्या कामाचा आराखडा आपोआप स्पष्ट होतो. विद्यापीठाची पदविका पुण्यापुरती न राहता नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती येथे पोहोचावी. अध्यापन मराठीतून आणि पुस्तके मराठीत असावीत. गाठी, साधने, हवामान आणि उंचीवरचे आजार यांवर विद्यार्थ्याला परीक्षेसाठी वाचता येईल असे प्रमाण मराठी साहित्य तयार करण्याची ताकद या संस्थेकडे आहे. मुलींसाठी स्त्री प्रशिक्षकांची संख्या वाढावी. मोहिमांच्या दैनंदिनी, निर्णयांच्या नोंदी आणि अपघातांचे निःपक्ष अहवाल यांचे संग्रहालय व्हावे, म्हणजे पुढच्या तुकड्यांना तीच किंमत पुन्हा मोजावी लागणार नाही. पदविका घेतलेल्या मुलांना शाळांत साहस-शिक्षक म्हणून, पर्यटन विभागात मार्गदर्शक म्हणून आणि आपत्ती व्यवस्थापनात साहाय्यक म्हणून पदे मिळावीत, यासाठी शासनाकडे सातत्याने आग्रह धरावा लागेल.

१९८२ मध्ये जमलेल्या मंडळींना डोंगरावर प्रेम होते. त्या प्रेमाला त्यांनी शिस्त लावली, शिस्तीचा अभ्यासक्रम केला आणि अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता मिळवली. आता ज्या विद्यार्थ्याच्या हाती ही पदविका पडते, त्याच्यावर त्याच्या मागून चालणाऱ्या प्रत्येकाला संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचवण्याची जबाबदारी येते. अशी जबाबदारी पेलणारी मुलेमुली दरवर्षी घडवत राहणे, ही ‘गिरिप्रेमी’ने महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, आणि आपण सर्वांनी मिळून ती वाढवायची आहे.